तालीम : शाळेतली आणि हौदातली

उर्दूच्या तासाला आम्ही फळ्यावर 'तालीम' हा शब्द लिहिला की मुले लगेच अर्थ सांगतात, शिक्षण. तोच शब्द मराठीच्या तासाला विचारला तर मागच्या बाकावरून उत्तर येते, "सर, कुस्तीची तालीम!" दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. आमच्या कोल्हापुरात दुसरा अर्थच आधी सुचतो, कारण इथे पेठेपेठेत तालीम आहे. तालमीतले वस्ताद म्हणजे आपले उस्तादच. पैलवान, कुस्ती, कसरत, मेहनत, खुराक हे सगळे शब्द फारसी-अरबीच्या घरातून निघाले आणि इथल्या लाल मातीत असे मुरले की आता ते परके आहेत असे कुणाला सांगूनही पटत नाही.

हा शब्दांचा खेळ आम्ही वर्षानुवर्षे वर्गात खेळत आलो. पण तालमीत शिक्षण असावे लागते, ते नसेल तर काय होते, हे गेल्या वर्षी आमच्याच घरात कळले.

खिशातली बाटली

आमचा भाचा निपाणीहून पुढच्या शिक्षणासाठी आमच्याकडे राहायला आला. वय १८, उंची चांगली, पण वजन ५१ किलो. कॉलेजातली पोरे त्याला 'काडी' म्हणत. पहिल्याच महिन्यात तो म्हणाला, "मामू, मला जिम लावायची आहे." आम्ही पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हटले, "आधी अभ्यासाचं बघ." त्याने आमच्या आपाकडून, म्हणजे त्याच्या अम्मीकडून, पैसे मागवले आणि जिम लावली. आम्हीही पुढे काही विचारले नाही.

दोन महिन्यांनी त्याचा उजवा हात शर्ट घालताना वर जाईना. रात्री झोप येत नाही, छातीत धडधडते, असे तो मुमानीला सांगू लागला. आम्हाला वाटले, परीक्षेची धास्ती असेल. मग एका रविवारी त्याची पँट धुवायला टाकताना मुमानीच्या हाताला खिशात काचेची छोटी बाटली लागली. सोबत सुई.

आम्ही काय केले असेल? वीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्या माणसाने जे करू नये तेच केले. घर डोक्यावर घेतले. पोरगा आधी गप्प उभा राहिला, मग रडत म्हणाला, "मामू, तुम्ही विचारलंत कधी?" त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब त्याच्या वयाला न शोभणारा निघाला. बाटली मेफेंटरमाइनची होती. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो वर आणण्यासाठी हे औषध देतात. व्यायामापूर्वी ते टोचून घेतले की थोडा वेळ थकवा जाणवत नाही, म्हणून जिममधल्या एका मोठ्या मुलाने त्याला ते दिले होते. त्याने चार वेळा घेतले होते. डॉक्टर म्हणाले, "याने स्नायू अजिबात वाढत नाही. थकल्याची सूचना बंद होते आणि हृदय पळत राहतं. पुढं सवय लागते." अल्लाहचे लाख शुक्र की गोष्ट चारवरच थांबली.

"हे जोर न्हाईत"

हात बरा होईपर्यंत महिना गेला. पोराची हौस मात्र गेली नव्हती, आणि ती मारून टाकावी असे आम्हालाही आता वाटत नव्हते. अंगात ताकद असावी असे वाटणे यात वाईट काय आहे? म्हणून आम्ही त्याला आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध वस्तादांकडे घेऊन गेलो.

वस्तादांनी नाव-गाव विचारले आणि म्हणाले, "मार बघू जोर." भाच्याने भराभर तीस जोर मारले. कोपर बाहेर फेकलेले, कंबर खाली झुकलेली, मान पुढे. वस्ताद शांतपणे म्हणाले, "पोरा, हे जोर न्हाईत. हा जमिनीला सलाम हाय. तीस नगं, पाच मार. पण पाच नीट मार." नीट पाच मारताना पोराला घाम फुटला. मग वस्ताद आमच्याकडे वळले, "गुरुजी, तुमी नुसतं बघायला आलाय व्हय?" त्या दिवशी वयाच्या ४६व्या वर्षी आम्ही भिंतीला हात टेकवून आयुष्यातले पहिले जोर मारले. सात. आठव्याला दंड थरथरू लागले.

या मातीची परंपरा

वस्ताद ज्या परंपरेतून आले ती लहान नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, तिथे त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडांगण पाहिले आणि परत आल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधून घेतले. मधोमध लाल मातीचा हौद आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे कुठेही बसले तरी कुस्ती दिसावी. १९१२ मध्ये मैदान सुरू झाले. त्या वेळी तिथे लढलेले मल्ल होते गामाचे भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन. याच महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगची सोय केली होती. शाळेतली आणि हौदातली, अशा दोन्ही तालमींना एकाच राजाने हात दिला.

राजाराम कॉलेजचा विद्यार्थी खाशाबा जाधव याच शहरात घडला. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तो सहावा आला. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा त्याच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबाने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबा लढला तो गट जेमतेम ५७ किलोचा होता, हे आम्ही भाच्याला मुद्दाम सांगितले. 'काडी' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या पोराने ते ऐकावे असे होते. आणि आम्ही स्वतःला सांगितले ते दुसरेच. एका शिक्षकाने विद्यार्थ्याच्या ताकदीसाठी घर गहाण टाकले. आम्हाला पेपरातून मान वर करणे जमले नव्हते.

जुन्या मेहनतीतला हिशेब

वस्तादांकडे बसून आम्हाला एक गोष्ट उमगली. तालमीतली मेहनत कुणी पुस्तक वाचून आखलेली नसेल, पण तिच्यात हिशेब पक्का आहे. जोर मारताना शरीर ढकलावे लागते. त्यात छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाचा मागचा स्नायू काम करतो. दोर चढताना शरीर ओढावे लागते. त्यात पाठ, दंडाचा पुढचा स्नायू आणि पंजाची पकड येते. करेला फिरवताना खांदा सगळ्या बाजूंनी फिरतो. फावड्याने हौद उकरताना पाठ आणि कंबर कामाला लागते. बैठका पायांसाठी. ढकलणे आणि ओढणे यांचा तोल आपोआप राहतो.

आजकालची नवखी मुले नेमका हाच तोल घालवतात. आरशात दिसते ती छाती आणि दंडाचा पुढचा फुगा, तेवढेच रोज करायचे. पाठ आरशात दिसत नाही, म्हणून ती राहून जाते. मग छातीचे स्नायू खांदे पुढे ओढतात, खांद्याच्या सांध्यात दुखू लागते आणि शर्ट घालताना हात वर जात नाही. आमच्या भाच्याचे हेच झाले होते. शिवाय ज्या दंडासाठी पोरे जीव टाकतात, त्याचा मोठा भाग मागच्या स्नायूचा असतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

स्नायू वाढतो केव्हा?

व्यायाम करताना स्नायू वाढत नाही. व्यायाम त्याला फक्त निरोप देतो की, बाबा, तुझ्यावर ओझे येणार आहे. वाढ होते ती नंतर, अन्न आणि झोप मिळाल्यावर. म्हणून एका स्नायूला मेहनत दिली की साधारण ४८ तास विश्रांती द्यावी. रोज तेच केल्याने लवकर फळ मिळते हा गैरसमज आहे.

पहिल्या काही आठवड्यांत आणखी एक गंमत होते. ताकद वाढते, पण आरशात काहीच दिसत नाही. कारण त्या काळात मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकत असतात. डोळ्यांना फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. पोरे नेमकी याच टप्प्यावर कंटाळतात आणि कुणीतरी बाटली किंवा डबा पुढे करतो. आई-वडिलांनी हा टप्पा लक्षात ठेवावा.

ओझे हळूहळू वाढवायचे हे तत्त्व फार जुने आहे. प्राचीन ग्रीसच्या मायलो नावाच्या मल्लाची कथा सांगतात. तो एक वासरू रोज उचलून फिरायचा. वासरू वाढत गेले, मायलोची ताकदही वाढत गेली. कथा खरी असो नसो, तिच्यातला धडा आजही तसाच आहे. आज वासरू आणि उद्या बैल, असे मात्र चालत नाही.

नवख्याचा आठवडा

आम्ही मामा-भाच्याने मिळून आखलेला कार्यक्रम इथे देतो. जिम हवीच असे नाही. पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात पाणी भरले की पाच किलोचे वजन तयार होते. कापडी पिशवीत वाळू भरूनही चालते. रविवार, मंगळवार, गुरुवार असे तीन दिवस, प्रत्येक वेळी पाऊण तास.

आधी दहा मिनिटे अंग गरम करायचे: जागच्या जागी चालणे, हात आणि खांदे गोल फिरवणे. मग पुढील सहा प्रकार.

१. जोर. जमिनीवर जमत नसतील तर आधी भिंतीला, मग पलंगाच्या काठाला, मग जमिनीवर. कोपर अंगापासून फार लांब जाऊ द्यायचे नाहीत.

२. पुढे वाकून, पाठ सरळ ठेवून वजन कमरेकडे ओढणे. हा पाठीसाठी.

३. वजन खांद्यापासून डोक्यावर सरळ ढकलणे.

४. बारला किंवा मजबूत फांदीला लटकणे. आधी नुसते लटकायचे, पुढे शरीर वर ओढायचे.

५. कोपर अंगाशी ठेवून वजन हाताने वर आणणे, हा दंडाच्या पुढच्या बाजूला.

६. बैठका. वरचे अंग कमवायचे असले तरी पाय सोडायचे नाहीत. भिंत उभी करायची तर पाया हवा.

लटकण्याचा अपवाद सोडला तर प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा. पहिले दोन आठवडे दोन फेऱ्या, पुढे तीन. दोन फेऱ्यांच्या मध्ये दीड-दोन मिनिटे थांबायचे. वजन असे निवडायचे की शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात, पण शरीराची ठेवण बिघडू नये. तिन्ही फेऱ्यांत बारा-बारा सहज जमू लागले आणि पुढच्या दिवशीही जमले, की एक-दोन किलो वाढवायचे. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही.

शिक्षक असल्याने आम्ही एक वही घातली. तारीख, प्रकार, वजन, किती वेळा. पहिल्या पानावर भाच्याचे खांद्यावरून ढकलण्याचे वजन अडीच किलो लिहिलेले आहे. ते लिहिताना त्याला लाज वाटली होती. आता तेच पान तो मित्रांना उघडून दाखवतो.

स्नायू ठणकणे आणि सांधा दुखणे यांतला फरक ओळखावा. दुसऱ्या दिवशी स्नायू जड वाटणे ठीक आहे. सांध्यात कळ आली, हातात मुंग्या आल्या किंवा छातीत दुखले, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. आमच्या वयाच्या माणसांनी, आणि साखर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी, सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे.

खुराक घरातच आहे

पैलवानांचा खुराक म्हटला की बदामाची थंडाई आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे धारोष्ण दूध डोळ्यांपुढे येते. दूध उत्तमच, पण न तापवलेल्या दुधातून आजार येऊ शकतात. घरी उकळून प्यावे.

सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. वजन उचलून स्नायू वाढवणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत उपयोग होतो. भाच्याच्या ५१ किलोला हे सुमारे ८२ ग्रॅम झाले. मुमानीने कागदावर हिशेब मांडला. तीन अंडी १८ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या डाळ १२, मूठभर शेंगदाणे-फुटाणे ९, शिजवलेली कोंबडी १०० ग्रॅम म्हणजे २७. बेरीज ८२. भाकरी-चपातीतले आणखी वेगळे. ज्या दिवशी गोश्त नाही त्या दिवशी दही, मटकी किंवा आणखी अंडी. कागद बाजूला ठेवून ती म्हणाली, "मग डब्याला एवढे पैसे कशाला घालवले?"

डब्यातली पावडर जहर नसते. चांगली असेल तर ती दुधापासून काढलेली प्रथिनेच असतात. पण ती आवश्यक नाही. घ्यायचीच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक पाहावा, घटकांची यादी वाचावी आणि बिल घ्यावे. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांपासून काढतात. हलालची काळजी घेणाऱ्या घरांनी हेही वाचून घ्यावे.

सुई मात्र कधीही नको. मेफेंटरमाइनचे वर सांगितलेच. स्टेरॉइडची इंजेक्शने आणि गोळ्या स्नायू फुगवतात हे खरे, पण त्याची किंमत यकृत आणि हृदय मोजतात. शरीराचे स्वतःचे पुरुषी संप्रेरक तयार होणे मंदावते, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, मुलांच्या छातीवर बायकी वाढ होते, चेहऱ्यावर पुरळ उठते. उंची वाढण्याच्या वयात घेतली तर हाडांची वाढ लवकर थांबू शकते. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिले म्हणून ते औषध निर्धोक होत नाही.

रमजानमध्ये काय?

रोजे सुरू झाले की मुले एकतर व्यायाम सोडतात, नाहीतर उपाशीपोटी वजन वाढवायला जातात. आम्ही मधला मार्ग धरला. महिनाभर वजन वाढवायचे नाही, फेऱ्या तीनऐवजी दोन, आठवड्यात दोनच दिवस आणि तेही तरावीहनंतर. इफ्तार ते सहरी पाणी थोडे थोडे पीत राहायचे. सहरीला अंडी, दही, डाळ असावी, नुसता चहा-पाव नको. इतके केले तर महिन्यात कमावलेले जात नाही.

मुलींनीही

आमची मुलगी दहावीत आहे. भावाचे पाहून तीही पाण्याचे डबे उचलू लागली. आमच्या अम्मींनी हरकत घेतली, "मुलीचं अंग मुलांसारखं होईल." तसे होत नाही. स्त्रियांच्या शरीरात पुरुषी संप्रेरक फार कमी असते. त्यामुळे ताकद येते, हाडे मजबूत होतात, पण पैलवानी अंग होत नाही. पन्नाशीनंतर ठिसूळ हाडांनी बेजार होणाऱ्या आपल्या घरांतल्या बायका पाहिल्या की वाटते, हे डबे मुलीच्या हाती उलट लवकर यायला हवे होते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी आठवड्यात निदान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अम्मींना हे आम्ही सांगितले. आता त्या खुर्चीत बसून नातीच्या फेऱ्या मोजतात आणि हमखास एक कमीच मोजतात.

विचारत राहा

आठ महिने झाले. भाच्याचे वजन ५६ किलो आहे. मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकावे असे त्याचे अंग झालेले नाही, पण खांदा दुखत नाही, झोप शांत लागते आणि नीट मारलेले वीस जोर त्याला जमतात. रक्तदाब पूर्ववत आहे. आम्ही भिंतीवरून पलंगावर आणि पलंगावरून जमिनीवर आलो. दहा जोर होतात. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना पूर्वी खांदा भरून यायचा, तो आता येत नाही.

आपल्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आरशापुढे उभा राहून दंड वळवून पाहत असेल, तर हसू नका आणि रागावूही नका. तो कुठे जातो, कोण शिकवते, काय खातो, काय पितो, रात्री झोपतो का, एवढे विचारा. जिम लावणार असेल तर पहिल्या दिवशी सोबत जा. शिकवणारा आधी वजन वाढवतो की आधी ठेवण सुधारतो, ते डोळ्यांनी पाहा. आल्या दिवशीच डबा विकायला काढणाऱ्याकडून पोराला घेऊन परत या. आणि जमले तर, त्याच्या शेजारी भिंतीला हात टेकवून तुम्हीही पाच जोर मारा. पण पाच नीट मारा.